तीनशेच्या आत

फेब्रुवारीचा पगार खात्यात जमा झाला की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी कोणीतरी येऊन उभं राहतंच. "ताई, या वेळी शंभर रुपये जास्त कापलेत." पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मी गेली कित्येक वर्षं पगारपत्रकं करते, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये, अकरा महिन्यांचे झाले 2200, आणि वर्षाचे 2500 भरावेत म्हणून फेब्रुवारीत 300. राज्यघटनेच्या 276 व्या कलमामुळे वर्षाला अडीच हजारांच्या वर हा कर सरकारलाही घेता येत नाही, हेही मी सांगते. कोणी मान डोलावून जातं, कोणी पुटपुटत जातं. मात्र विचारायला आलेला माणूस केबिनमधला कधीच नसतो. शंभर रुपये ज्याला दिसतात तोच येतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात याच ऑफिसात सीक्रेट सँटाची मर्यादा 300 ठेवायची की 500, यावर खल होतो. "अरे, दोनशेने असा काय फरक पडतो?" असं तेव्हा कोणीतरी म्हणतंच. मला फेब्रुवारीतले चेहरे आठवतात.

चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे आलं ते 2009 साली. आमचे त्या वेळचे शाखाप्रमुख दोन वर्षं लंडनला काढून आले होते आणि तिथल्या ऑफिसातली ही गंमत आपल्याकडेही करू, असं त्यांच्या मनात आलं. सगळ्यांची नावं एका डब्यात टाकायची, प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्या भेटी एका टेबलावर. चिठ्ठ्या कोणाकडे द्यायच्या, यावर साहेब म्हणाले, "ज्या बाईला सगळ्यांचे पगार माहीत आहेत आणि तरी ती एक शब्द बोलत नाही, तिच्याकडे द्या." मला बरं वाटलं होतं. पुढे कळलं की याच कारणासाठी हे काम माझ्याकडे यायला नको होतं. कोणाला कोणाची चिठ्ठी आली हे माहीत असणं आणि दोघांचे पगार माहीत असणं, या दोन गोष्टी एकाच डोक्यात असल्या की गंमत उरत नाही.

पहिल्या वर्षी मर्यादा ठेवलीच नव्हती. हा विचारच कोणाला सुचला नव्हता. डिसेंबरच्या पंधरा तारखेच्या सुमाराला एक शिकाऊ मुलगा माझ्याकडे उचल मागायला आला. नगर जिल्ह्यातल्या गावाकडून आलेला, डेक्कनला कॉट बेसिसवर राहणारा, हातात सात हजार पडायचे. हजार रुपये हवे होते. उचलीच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो, तिथे त्याने "घरगुती" असं लिहिलं. मी सही केली. नाताळच्या आदल्या दिवशी टेबलावर मखमली डबीत एक परदेशी बनावटीचं पेन निघालं. ते साहेबांसाठी होतं. साहेबांनी झाकण उघडून पाहिलं, "अरे वा, कोण हा सँटा?" म्हणून विचारलं आणि मग खिशाला लावलं. त्यांच्या खिशाला आधीच दोन पेनं होती. त्या मुलाला मिळाला एक कॉफीचा मग, त्यावर एक हसरा चेहरा. जानेवारी आणि फेब्रुवारी, दोन हप्त्यांत मी त्याचे पाचशे-पाचशे कापले. फेब्रुवारीत वरचे शंभर का गेले हे विचारायला तो आला नाही, कारण त्याचा पगार व्यवसाय कराच्या त्या पायरीपर्यंत पोचलेलाच नव्हता.

साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. "पुढच्या वर्षी एक आकडा ठरवू या, लोकांना सोपं जातं," एवढंच म्हणाले. 2010 पासून मेलमध्ये एक ओळ वाढली: भेटवस्तू 200 रुपयांच्या आत असावी. पुढे त्याचे तीनशे झाले.

आकडा ठरला की प्रश्न मिटला, असं मला वाटलं होतं. मिटला नाही. मर्यादा ओलांडणं म्हणजे आपल्याकडे मनाचा मोठेपणा. तीनशे म्हटल्यावर एखाद्याने अडीच हजारांचे हेडफोन आणले तर लोक टाळ्या वाजवतात. कोणी म्हणत नाही, की बाबा रे, तू नियम मोडलास. उलट ज्याने दोनशे नव्वद रुपयांची काचेची बरणी तुळशीबागेत घासाघीस करून आणली, जो सांगितल्याप्रमाणे वागला, त्याचीच मान खाली जाते. आमच्याकडे विक्री विभागात एक वरिष्ठ गृहस्थ आहेत, दिलदार माणूस, अडीअडचणीला पहिले धावून येणारे. दर वर्षी मर्यादेच्या तिप्पट-चौपट खर्च करतात. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, आकडा तीनशेचा होता." "अहो, आपलीच माणसं आहेत," ते हसत म्हणाले. त्यांच्या शेजारी त्यांच्याच विभागातली एक डेटा एंट्री करणारी मुलगी उभी होती. तिने आणलेली फोटो फ्रेम टेबलावर अजून उघडायची होती. ती फ्रेम तिने हळूच हेडफोनच्या खोक्यामागे सरकवली.

कंपनीचंच पाहा. दिवाळीला आम्हाला कूपन मिळतं. मालकाने वर्षभरात दिलेली भेट 5000 रुपयांच्या आत असली की ती पगारात धरून त्यावर कर लावायचा नाही, असा आयकराचा नियम होता. म्हणून आमचं कूपन इतकी वर्षं पाच हजारांच्या आतच आलं, एका रुपयाने वर गेलं नाही. तिथे "आपलीच माणसं" असं कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. माझा भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. त्याच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत तर भेटींवर एक अख्खा नियम आहे, आणि परवानगीशिवाय घेता येणाऱ्या भेटीचा आकडा अ आणि ब गटासाठी वेगळा, क गटासाठी वेगळा. 2019 मध्ये तो वाढवला, वरच्यांना 5000 आणि क गटाला 2000. शिपायापेक्षा अधिकाऱ्याला महागडी भेट चालते, यावर भाऊ आणि मी एका दिवाळीत बराच वेळ हसलो होतो. पण निदान तिथे बंधन घेणाऱ्यावर आहे. आमच्या खेळात ते देणाऱ्यावर, आणि ज्याच्याकडे कमी आहे तोच ते पाळतो.

हे सगळं मी मोठ्या शहाणपणाने लिहिते आहे खरी, पण मीही तेच केलं आहे. 2013 साली मला आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीची चिठ्ठी आली. तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं. लक्ष्मी रोडवर पैठणीच्या काठाची एक पर्स दिसली, साडेसातशेची. मर्यादा तीनशे. मी मनाशी म्हटलं, लग्नाचंच समजू. किमतीचं लेबल काढलं, पण असल्या पर्सची किंमत बायकांना लेबलाशिवायही कळते. सीक्रेट सँटा कोण होता ते आमच्याकडे कधीच सीक्रेट राहत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला कळलं. "ताई, एवढं कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, असू दे गं. संक्रांतीला तिने मला घरी हळदीकुंकवाला बोलावलं. बाकीच्यांना वाण म्हणून प्लॅस्टिकची गाळणी होती. माझ्या हातात आतून एक वेगळी पिशवी आली, त्यात स्टीलचा मोठा डबा, चांगला जाड. साडेचारशेच्या खाली येत नव्हता तो तेव्हा. तिची आई दारात उभी राहून पाहत होती, मी घेते की नाही.

साडेसातशेतून तीनशे वजा केले तर राहतात साडेचारशे. तिने असा हिशेब केला असेल का, माहीत नाही. मी मात्र परत येताना पीएमटीत बसून केला. तिचा पगार मला ठाऊक होता, लग्नाचं कर्ज घरी काढलेलं आहे हेही ठाऊक होतं. मी तिला पर्स दिली म्हणजे तिच्या आईच्या डोक्यावर एक डबा ठेवला.

माझ्या आईकडे आहेराची वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानातल्या खतावणीसारखी. घरातल्या प्रत्येक लग्न-मुंजीला कोणी काय दिलं ते त्यात लिहिलेलं: अमक्याकडून अकरा रुपये, तमक्याकडून पातेलं, कोणाकडून ब्लाउजपीस. त्यांच्याकडचं कार्य निघालं की वही उघडायची. आई म्हणायची, घेतलं त्याहून थोडं वर द्यावं, पण पुढच्या वेळी त्यांना जड जाईल इतकं वर देऊ नये. लहानपणी मला ही वही फार कंजूष वाटायची. प्रेमाच्या माणसांचा कसला हिशेब ठेवायचा! डबा घेऊन घरी आले त्या रात्री मला ती वही वेगळी दिसली. देताना समोरच्याची ऐपत लक्षात राहावी म्हणून आई ती जपत होती. तिच्या वहीतलं "थोडं वर" म्हणजे एक रुपया. आपण पाकिटावर 101, 501 लिहितो, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीटच विकत मिळतं, तो एक रुपया.

आमच्याकडची सगळ्यात चांगली सीक्रेट सँटा झाली ती 2016 साली, आणि त्याचं श्रेय आम्हा कोणालाच नाही. 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. डिसेंबरमध्ये एटीएममधून दिवसाला अडीच हजार निघायचे, तेही मशीनमध्ये असले तर, आणि निघायची ती दोन हजारांची गुलाबी नोट. ती घेऊन जायचं कुठे? भाजीवाला हात जोडायचा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोक आळीपाळीने रांगेत उभे राहायचे, जागा धरायचे. या वर्षी सँटा रद्द करू, असं मी सुचवलं. नवे साहेब म्हणाले, "रद्द नको. शंभराची नोट. एकच. त्यात बसेल ते."

शंभर रुपये म्हटल्यावर पहिल्यांदाच असं झालं की ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडेही ते नव्हते. त्या टेबलावर काय काय आलं होतं ते मला अजून आठवतं. कोणी घरी केलेला पातळ पोह्यांचा चिवडा जुन्या हॉर्लिक्सच्या बाटलीत आणला होता. कोणी कुंडीत कढीपत्त्याचं रोप. अप्पा बळवंत चौकातून जुन्या पुस्तकांच्या ढिगातलं एक पुस्तक, त्यावर आधीच्या मालकाने कोणाला तरी लिहिलेली अर्पणओळ तशीच. त्या वर्षी चेन्नईहून बदली होऊन आलेली एक मुलगी होती. तिच्या जुन्या ऑफिसात या खेळाला "ख्रिस मॉम, ख्रिस चाइल्ड" म्हणायचे. तिथे एकच मोठी भेट द्यायची पद्धत नव्हती. दोन आठवडे रोज काहीतरी किरकोळ, एक चॉकलेट, एक चिठ्ठी, एखादी खोडी. तिने तसंच केलं. रोज सकाळी हिशेब विभागातल्या एका गंभीर काकांच्या कीबोर्डखाली एक लिमलेटची गोळी सापडायची. ते आधी चिडले, मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून लवकर यायला लागले.

आणि सगळ्यात जास्त हेवा वाटला तो ज्या भेटीचा, ती होती एका पांढऱ्या पाकिटात दहा-दहाच्या दहा नोटा. सुटे पैसे! डिसेंबर 2016 मध्ये सुट्टे. ज्याला मिळाले त्या माणसाभोवती लोक जमले, कोणी दोन हजारांची नोट पुढे करून म्हणालं, "देतोस का?" देणारे होते विक्री विभागातले तेच दिलदार गृहस्थ. कुठून मिळवल्या, विचारल्यावर म्हणाले, रोज रात्री पानवाल्याकडून एक-एक. त्या वर्षी ते मर्यादेत राहिले होते.

पुढच्या वर्षी नोटा आल्या, तीनशेही परत आले. 2018 च्या बैठकीत 500 चा प्रस्ताव आला. तेव्हा एमबीए करून आलेल्या एका नव्या मुलाने एक मजेशीर गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. घेणारा त्या वस्तूला स्वतः जेवढे पैसे मोजेल, ते देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा कमी भरतात. एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत किंमत वाऱ्यावर जाते. तात्पर्य, मुलगा म्हणाला, भेटी बंद करून पाकिटं द्यावीत. क्षणभर सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणालं, म्हणजे मी तुला तीनशे द्यायचे आणि तू मला तीनशे? पार दारापर्यंत हशा पिकला. मी मनात म्हटलं, आमच्या लग्नांत दुसरं काय होतं! मुलाचं मात्र चूक नव्हतं. माझ्या कपाटात सात मग आहेत, आणि एक लाफिंग बुद्ध आहे जो मी 2011 साली दिला होता आणि 2015 साली परत माझ्याकडे आला. हळदीकुंकवातले ब्लाउजपीस असेच फिरतात. न शिवलेला खण अख्ख्या सोसायटीला प्रदक्षिणा घालून मूळ घरी येतो, आणि कोणी कोणाला काही म्हणत नाही.

त्या बैठकीत पाचशे पास झाले. मी विरोध केला नाही. काय सांगणार होते? कोणाचे पगार किती हे बोलायचं नाही, हीच तर माझी नोकरी.

आणि त्याच वर्षी मनुष्यबळ विभागाने ठरवलं की सफाईच्या मावशी आणि चहा देणारे मामा यांनाही खेळात घ्यायचं. ते कंत्राटदाराचे कामगार, आमच्या पगारपत्रकात नसतात, म्हणून माझ्या यादीतही कधी नव्हते. हेतू चांगला होता, नाही असं नाही. चिठ्ठ्या निघाल्या आणि मावशींच्या वाट्याला आले नेमके साहेब. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या माझ्या टेबलाजवळचा केर काढत थांबल्या. "ताई, मला सायबांची चिठ्ठी आलीय. सायबांना पाचशेत काय येतं वो?" त्यांना वाटत होतं, पाचशे हा भाव आहे. तेवढे द्यावेच लागतात. मेलमध्ये "500 च्या आत" लिहिलं होतं. पण "आत" म्हणजे किती आत, हे खालच्या माणसाला कसं कळणार? आम्ही सगळे मर्यादेला भाव समजूनच खरेदी करत होतो. दीडशेची वस्तू आणायची हिंमत माझ्यातही नव्हती.

मी ती चिठ्ठी बदलून दिली. नियम मोडला. बदल्यात त्यांना माझंच नाव दिलं. मावशींनी मला घरच्या शेवग्याच्या शेंगांची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, वर लाल रिबन.

दुसऱ्या वर्षीपासून मी काही गोष्टी विचारल्याशिवायच बदलल्या. ज्यांना खेळायचं नाही त्यांची नावं आधी फलकावर लागायची, एकेकाला "का रे बाबा?" म्हणून विचारलं जायचं. आता ज्यांना खेळायचं आहे त्यांनीच माझ्याकडे नाव द्यायचं, बाकीच्यांची यादीच होत नाही. साहेबांचं नाव डब्यात टाकत नाही. साहेब चिठ्ठी उचलतात, त्यांची कोणी उचलत नाही. नव्या साहेबांना हे खटकलं, म्हणाले, मला का वगळलं? म्हटलं, सर, तुम्हाला दिवाळीत भरपूर येतं. हसले आणि सोडून दिलं.

निरोप समारंभाच्या वर्गणीतही मी हात घातला. आधी पाकिटासोबत एक कागद फिरायचा, नाव आणि रक्कम. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक फिरवणाऱ्या मुलांना जे कळतं ते आमच्या ऑफिसला कळत नव्हतं, अशातला भाग नाही. पहिली पावती ते मुद्दाम मोठ्या घरची फाडतात, म्हणजे पुढच्या प्रत्येक दारात पुस्तक उघडलं की तो आकडा आधी दिसावा. आमच्या कागदावर पहिली सही साहेबांची, 1000. पुढे सगळे 500, आणि शेवटचा माणूस 500 कडे बघत 300 लिहिताना हात आखडायचा. आता कागद नसतो. नुसतं बंद पाकीट फिरतं, वर एक फट. एका मुलाने विचारलं, मग कोणी काय टाकलं ते कसं कळणार? म्हटलं, कळणार नाही.

रक्कम कमी जमते का? थोडी कमी जमते, खरं सांगायचं तर. शालीऐवजी एखादा रुमाल. कोणाच्या निवृत्तीत त्यामुळे उणेपणा आल्याचं मला दिसलं नाही.

तो उचल मागणारा मुलगा आता आमच्याकडेच विभागप्रमुख आहे. त्या पेनाचा विषय आम्ही कधी काढलेला नाही, त्याला वाटत असेल मला काही माहीत नाही. गेल्या डिसेंबरच्या बैठकीत मर्यादेचा विषय निघाला. कोणीतरी हजार म्हणालं, महागाई आहे. तो फोनमध्ये बघत होता, मान वर न करता म्हणाला, "दोनशे. आणि बिल लावायचं सोबत." बिलावर सगळे ओरडले, भेटीला कोणी बिल लावतं का! ते बारगळलं. अडीचशेवर तडजोड झाली.

मी मेल पाठवला. भेटवस्तू 250 रुपयांच्या आत असावी. कमी चालेल, जास्त चालणार नाही. चार मिनिटांत पहिलं उत्तर आलं, विक्री विभागातून, त्याच दिलदार गृहस्थांचं. जीएसटी धरून की सोडून?

मी लिहिलं, धरून. घरपोच मागवलंत तर तो खर्चही.